वाचक विचारतात : नळ नसलेल्या वाळवंटात तंबूचा मुक्काम

मागच्या अंकात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर चोपडा, शिरपूर, भुसावळ, पारोळा, धुळे अशी सगळीकडून पत्रं आली. खान्देशातल्या किती घरांतली मुलं तिकडे आहेत ते या पत्रांवरून कळतं, आणि आता आईवडिलांना बोलावून ती मुलं त्यांना थेट वाळवंटात तंबूत झोपवणार म्हटल्यावर प्रश्न पडणारच. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : ताई, मुलगा सॉल्ट लेक सिटीला असतो. ऑक्टोबरमधे आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो कॅन्यनलँड्सला दोन रात्री तंबूत राहू, तिथं दुकान नाही, लाईट नाही, पाण्याचा नळसुद्धा नाही. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई असे चौघं. एवढ्या पुढारलेल्या देशात सरकारी मुक्कामाच्या जागी पाणी नाही हे पटत नाही. खरंच सगळं पाणी सोबत न्यावं लागतं का, आणि किती? — एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, मुलगा सांगतोय ते अगदी खरंय. हा पार्क १९६४ साली झाला. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी त्याचे वेगवेगळे भाग पाडलेत आणि पार्कात त्या नद्यांवर पूल नाही, एका भागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरून लांब वळसा. मुलगा बहुतेक ‘आयलंड इन द स्काय’ या भागाबद्दल बोलतोय. हे एक भलंमोठं खडकाचं पठार आहे आणि कडेला हजार फुटांहून खोल सरळ कडे तुटलेत. वरून ग्रीन नदी दिसते पण ती पार खाली, तिचं पाणी तुमच्या काही कामाचं नाही. वर पाऊस कमी आणि जो पडतो तो खडकावरून वाहून जातो, त्यामुळे तिथं पाणी नाही यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, जागाच तशी आहे. कॅम्पग्राउंडवर फक्त १२ जागा आहेत, प्रत्येक जागेला टेबल-बाक, जाळासाठी लोखंडी कडं, आणि सगळ्यांत मिळून बिनफ्लशचे संडास. बस्स. व्हिजिटर सेंटरला बाटल्या भरायची सोय असते पण ती वर्षभर चालू असेलच असं नाही, तिच्या भरवशावर निघू नका.

आता हिशोब. पार्कवाले सांगतात माणशी दिवसाला कमीत कमी एक गॅलन, म्हणजे जवळजवळ ४ लिटर, आणि हे प्रामुख्याने पिण्याचं. तुम्ही चौघं, दोन रात्री म्हणजे तीन दिवस, झाले ४८ लिटर. स्वयंपाक, हात-तोंड, भांडी, संडासला न्यायचा डबा हे सगळं धरून माझ्या मते माणशी ७ लिटर धरा, म्हणजे ८४. त्याच्यावर एक दिवसाचं जास्तीचं ठेवा, कारण गाडी बंद पडली की कोणी येईपर्यंत तुम्ही जिथं आहात तिथंच आहात. मिळून ११० लिटरच्या आसपास जातं. ऐकायला खूप वाटतं पण २० लिटरचे पाच-सहा कॅन झाले, गाडीच्या डिकीत बसतात. मात्र सगळं पाणी एकाच मोठ्या टाकीत भरू नका, एक कॅन गळला तरी बाकीचे राहिले पाहिजेत, आणि २० लिटरचा भरलेला कॅन २० किलोचा होतो तो उचलताना कंबरेचा विचार करा, तोटीचा कॅन टेबलाच्या कडेला ठेवून दिला की पुन्हा पुन्हा उचलावा लागत नाही.

पाणी, पेट्रोल, किराणा सगळं मोआब गावात भरून घ्यायचं, तिथून व्हिजिटर सेंटर साधारण ५० किलोमीटर आहे. पार्कात पेट्रोल पंप नाही. आणि हे १२ च्या १२ प्लॉट आगाऊ बुक होत नाहीत, जो आधी येईल त्याला, ऑक्टोबर हा तिकडचा गर्दीचा मोसम आहे त्यामुळे सकाळी लवकर पोचा. नाही मिळाली जागा तर त्याच रस्त्यावर डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आहे, तिथं बुकिंग चालतं पण तिथंही पाणी टँकरने वर आणतात, म्हणजे कॅन भरलेले लागणारच. मुलाला आधीच विचारून ठेवा की जागा नाही मिळाली तर आपण कुठं झोपणार. हे उत्तर तयार नसताना अंधार पडायच्या वेळी तिथं पोचू नका.

प्रश्न : आम्ही भुसावळचे, मे महिन्यात ४५ च्या वर तापमान काढतो. वाळवंटाची आम्हाला काय भीती? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, उन्हाची सवय आहे ही जमेची बाजूच आहे, पण आपण ते ४५ कसं काढतो तेही बघा ना. दुपारी बाहेर पडत नाही, डोक्याला उपरणं, रस्त्यात कुठं निंबाची सावली, कुठं पाणपोई, कोणाच्याही मळ्यात शिरून पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. तिथं यातलं काहीच नाही. जुनिपरची खुरटी झाडं आहेत त्यांची सावली गुडघ्याएवढी. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आला की उडाला, त्यामुळे माणसाला वाटतं मला घाम येत नाहीये मग पाणी कशाला, आणि तिथंच गडबड होते. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं. नुसतं पाणीच ढोसत राहिलात आणि मीठ पोटात गेलं नाही तरी त्रास होतो, म्हणून सोबत खारे शेंगदाणे, लोणचं, ओआरएसची पाकिटं असू द्या.

आणि खरी परीक्षा थंडीची आहे. कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षाही वर तुम्ही झोपणार. ढग नाहीत, हवेत दमटपणा नाही, त्यामुळे दिवसभर तापलेला खडक सूर्य गेला की भराभर गार होतो. ऑक्टोबरमधे दुपारी अंगात टीशर्ट आणि पहाटे चार-पाच अंश असं होऊ शकतं. खाली अंथरायची जाड मॅट पांघरुणापेक्षा महत्त्वाची आहे हे लक्षात ठेवा, थंडी जमिनीतून वर येते. कानटोपी, मोजे, स्वेटर इथूनच न्या.

प्रश्न : आक्का, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तिकडे तंबूजवळ काड्या गोळा करून वांगी भाजता येतील का? सोबत इथून वांगी नेऊ का? — एक वाचक भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, प्रश्न वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. पण आधी वांगी. ताज्या भाज्या, फळं, बियाणं विमानातून अमेरिकेत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात आणि सांगितलं नसेल तर दंडही होतो. मसाला, पापड, चटण्या चालतात पण खाण्याचं सामान आहे असं विमानतळावर स्वतःहून सांगा. आपल्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या भरिताच्या वांग्याची चव तिकडच्या काळ्या-जांभळ्या मोठ्या वांग्याला नाही, पण भाजून, हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी दिली की भागतं.

आता काड्या. पार्कात पडलेली एक काडीसुद्धा उचलायची नाही, सरपण गोळा करायला पूर्ण बंदी आहे. तिथं पाऊस इतका कमी की झाड वाढायला शेकडो वर्षं लागतात आणि वाळकं लाकूडसुद्धा कुजून मातीला मिळायला फार काळ घेतं, तेच तिथल्या जमिनीचं खत आहे. सरपण मोआबमधून विकत घ्या, लांबून आणू नका कारण लाकडाबरोबर झाडं पोखरणारे किडे नव्या ठिकाणी जातात. जाळ फक्त त्या लोखंडी कड्यात. उन्हाळ्यात आगीवर बंदी येते, ऑक्टोबरमधे बहुतेक नसते तरी पाटी वाचून घ्या.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. जाळ म्हणजे पाणी. झोपायच्या आधी निखारे हात लावून बघता येतील इतके गार व्हायला पाहिजेत, नुसती माती टाकून चालत नाही, आतमधे धग राहते आणि रात्री वारा सुटला की ठिणग्या उडतात. मोठा जाळ विझवायला चार-पाच लिटर सहज जातात आणि ते तुम्ही मोजून आणलेल्या पाण्यातूनच. म्हणून माझा सल्ला असा की वांगी मुलाच्या घरी गॅसवर भाजून, सोलून, गर डब्यात भरून आइसबॉक्समधे घ्या, आणि तिथं गॅसच्या छोट्या शेगडीवर फोडणी द्या. गॅसचा डबा तिकडेच विकत घ्यायचा, विमानात चालत नाही. भरितासोबत पुऱ्या करून नेल्या की झालं, किंवा दुधातल्या दशम्या, त्या दोन दिवस छान राहतात. कळण्याच्या भाकरीचा हट्ट तिथं नको, पीठ मळणं, हात धुणं, परात धुणं यातच तांब्या-तांब्या पाणी जातं.

खिचडी करायची असेल तर तांदूळ-डाळ घरी धुऊन, कापडावर वाळवून पिशवीत न्या, तिथं धुवायचं काम नाही. आणि कुकर न्याच. त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. आइसबॉक्समधे बर्फाच्या चुऱ्याऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळल्या की पिता येतात. भांडी आधी कागदाने लख्ख पुसायची मग ओंजळभर पाण्यात विसळायची. खरकटं, कागद, सालं सगळं पिशवीत बांधून परत आणायचं, आणि खाण्याची एकही पिशवी बाहेर ठेवू नका, तिकडचे डोमकावळे भारी हुशार असतात, बॅगेची चेनसुद्धा उघडतात. रात्री सगळं गाडीत.

प्रश्न : तुम्ही लिहिलं होतं की तिथली काळी माती तुडवू नका. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगाल का? — एक शिक्षक, शिरपूर

उत्तर : सर, हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण मला त्या पार्कातली सगळ्यात जपण्यासारखी गोष्ट हीच वाटते आणि ती बहुतेक लोक न बघता तिच्यावरून चालत जातात.

वाटेच्या कडेला उकिडवं बसून बघितलं की लाल वाळूवर जागोजागी काळसर, खडबडीत, बोटभर उंचीच्या ढेकळांसारखा थर दिसतो. तो मातीचा नाही, जिवंत आहे. त्यात सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळे-हिरवे जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ मिळून राहतात. पाऊस पडला की हे जिवाणू ओल्या वाळूतून सरकतात आणि मागे चिकट धाग्यांचं जाळं सोडत जातात, वाळूचा कण न कण त्यात बांधला जातो. वाळल्यावरही ते धागे तसेच राहतात. त्यामुळे वाऱ्याने वाळू उडत नाही, पावसाने वाहत नाही, पाणी मुरतं, आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत येतो. त्या वाळवंटात जी काही झुडपं, गवत आहे ते याच्या जिवावर. आणि एकदा पाय पडला की वाळलेले धागे काचेसारखे तुटतात, तो ठसा भरून यायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. म्हणून चालायचं तर आखलेल्या वाटेवर, उघड्या खडकावर किंवा कोरड्या नाल्याच्या वाळूत. तंबू फक्त नेमून दिलेल्या चौकोनात, फोटोसाठीसुद्धा चार पावलं बाजूला नको.

तसंच खडकातल्या खळग्यांचं. पावसाचं पाणी साठलेलं दिसलं की हात-पाय धुवायचा मोह होतो, पण त्यात इवलेसे झिंग्यांचे भाऊबंद राहतात, ज्यांची अंडी पाणी आटल्यावर वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आपल्या हाताचं तेल, सनस्क्रीन, साबण एवढ्यानेही ते पाणी बिघडतं. मुलांना वर्गात हे सांगा सर, त्यांना फार आवडेल.

प्रश्न : मला बीपी आहे, मिस्टरांना शुगर, इन्सुलिन चालू आहे. फोन लागत नाही म्हणतात. जावं की नाही? — एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि विचारताना ‘अमेरिकेला जातोय’ एवढंच न सांगता १८०० मीटर उंची, कोरडी हवा, दवाखाना तासाभराच्या अंतरावर, असं स्पष्ट सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तिथल्या हवेत त्याचा परिणाम काय होईल ते त्यांनाच कळेल. इन्सुलिन आइसबॉक्समधे ठेवा पण बर्फाला चिकटवून नको, गोठलं की वाया जातं. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा.

फोनचं म्हणाल तर लागेल असं धरूच नका. नकाशा आधी डाउनलोड करा, शिवाय व्हिजिटर सेंटरला कागदी नकाशा मिळतो तो घ्या. आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर नेटवर्क नसतानाही उपग्रहावरून मदत मागायची सोय त्यात आहे, मुलाकडून ती शिकून घ्या. आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर पार्कला कळवा’ असं मोआबच्या बाहेरच्या कोणालातरी सांगून निघा. कड्यांच्या टोकाला बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत, रात्री उठायचं झालं तर टॉर्चशिवाय तंबूबाहेर पाऊल नको आणि एकट्याने नको.

जमत असेल तर मात्र जा. आकाश बघायला तरी जा. हा पार्क २०१५ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळंभोर आकाश जपणारी जागा आहे, अमावस्येच्या आसपासच्या रात्री आकाशगंगा इतकी ठळक दिसते की ओळखीची नक्षत्रं त्या गर्दीत शोधावी लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात गेलं तर थंड असेल ना? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : जुलै ते सप्टेंबर तिकडे गडगडाटी पाऊस असतो आणि दुपारचं ऊन तरीही कडक. पठारावर वीज आणि खाली दऱ्यांत अचानक पूर. सातपुड्यात पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असताना कोरड्या नाल्याला लोंढा येतो, तसंच तिथं होतं, फक्त तिथं बाजूला चढून जायला काठ नसतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हेच बरं. वसंतात वारा फार असतो, खाली खडक असल्यामुळे खुंट्या नीट जात नाहीत, तेव्हा तंबूच्या आतल्या कोपऱ्यांत भरलेले पाण्याचे कॅन ठेवायचे.

प्रश्न : अमेरिका आमच्या बजेटमधे नाही. आम्ही चार मित्र, धुळ्यात शिकतो. असंच सगळं सोबत नेऊन राहायचा अनुभव जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात घेता येईल का? — एक वाचक, धुळे

उत्तर : मित्रांनो, जैसलमेर-बाडमेर जिल्ह्यांतला तो पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचा आहे आणि माळढोक पक्ष्याचं ते शेवटच्या आसऱ्यांपैकी एक आहे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच, त्यामुळे मनाला येईल तिथं तंबू ठोकला असं तिथं करायचं नाही, वनखात्याच्या परवानगीनेच आत जायचं. सम गावाजवळ जे तंबू दिसतात त्यात बाथरूम, जेवण, नाचगाणं सगळं असतं, ते हॉटेलच. वाळू बघायला छान आहे, जा, डिसेंबर-जानेवारीत जा, पण तुम्ही जे म्हणताय ते तिथं मिळणार नाही.

ते तुम्हाला इथंच मिळेल. चौघांपैकी एकाचं तरी शेत असेलच. डिसेंबरात एक रात्र तिथं काढा, घरच्यांना सांगून, आणि अट अशी घाला की विहिरीला, बोअरला हात लावायचा नाही, शेजारच्या मळ्यातून काही आणायचं नाही, फोन बंद करून पिशवीत. माणशी ७ लिटर पाणी मोजून न्या, स्वयंपाक त्यातच, भांडी त्यातच, सकाळचं तोंड धुणंही त्यातच. निघताना जमिनीवर खरकट्याचा कण, कागदाचा कपटा राहिला नाही ना ते चौघांनी ओळीत चालत बघा. प्रत्येक वेळी कॅनमधून काढलेलं पाणी वहीत लिहा, कशाला किती गेलं तेही. भांड्यांना किती गेलं ते बघून तुम्ही पुढच्या वेळी ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी न्याल असं मला वाटतं. वही मला पाठवा, पुढच्या अंकात छापू, चोपड्याच्या भाऊंनाही त्याचा उपयोग होईल.